छत्तीस बाय चोवीस : एका 'पूर्ण' चौकटीची पूर्वपीठिका

'फुल फ्रेम' हा शब्द हौशी फोटोग्राफरांच्या तोंडी आता इतका रुळला आहे की त्यातल्या 'फुल'पाशी कोणी थांबत नाही. ज्या कॅमेऱ्यात ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच सेन्सर असतो तो फुल फ्रेम. सेन्सर त्याहून लहान असला की कॅमेरा आपोआप अर्धामुर्धा ठरतो. मी गेली अकरा वर्षं माण-खटावच्या बाजूचे वीरगळ आणि जमतील तिथले शिलालेख टिपत हिंडतो आहे. या सगळ्या काळात माझ्या खांद्याला 'मायक्रो फोर थर्ड्‌स' पद्धतीचा छोटा कॅमेरा होता. पुण्यातल्या ज्या दुकानात मी जातो तिथला तरुण विक्रेता दर भेटीत म्हणायचा, "काका, एवढं सिरियस काम करताय, आता फुल फ्रेमवर या." गेल्या वर्षी मी आलो. पण पैसे मोजण्याआधी हा 'फुल' कशाच्या मानानं फुल, हे पाहून घ्यावं असं वाटलं. शिलालेखात एखादा शब्द अडला की त्याचं मूळ शोधायचं, ही जडलेली खोड. त्या शोधात हाताला जे लागलं ते इथं मांडतो.

पहिली गोष्ट अशी की फोटोग्राफीत 'पूर्ण' हे विशेषण निदान तीन वेळा, तीन वेगळ्या आकारांना लागलेलं आहे.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेरनं आपली पद्धत जाहीर केली. त्याच्या देखरेखीखाली जिरूनं जो कॅमेरा विकायला काढला, त्यात सुमारे साडेसहा इंच बाय साडेआठ इंचांचा चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा बसत असे. हाच आकार पुढं 'होल प्लेट' ठरला. मग त्याच्या खालचे आकार, हाफ प्लेट आणि क्वार्टर प्लेट, त्यावरून मोजले जाऊ लागले. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी एक. त्या पिढीची भाषा प्लेटची होती. आपल्याकडे तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओत ती पुढं शंभर वर्षं तरी टिकली. काळ्या फडक्याखाली डोकं घालून शाळेचा ग्रुप फोटो काढणाऱ्या माणसाला 'हाफ प्लेटचा कॅमेरा' म्हणजे काय हे सांगावं लागत नसे. त्या 'पूर्ण' प्लेटचं क्षेत्रफळ आजच्या फुल फ्रेमच्या सुमारे एकेचाळीस पट भरतं. म्हणजे दागेरच्या हिशेबानं आजची पूर्ण चौकट ही एक किरकोळ कपची आहे.

दुसरं 'पूर्ण' सिनेमातलं. एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन चलच्चित्राच्या यंत्रावर काम करत होता. त्याच्यापुढं ईस्टमनची ७० मिलिमीटर रुंदीची फिल्म होती. ती त्यानं उभी मधोमध कापली आणि ३५ मिलिमीटरची पट्टी मिळवली. दोन्ही कडांना भोकं पाडली आणि दर चौकटीला चार भोकं असा हिशेब ठेवला. १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. भोकांच्या ओळी वजा केल्या की पट्टीवर आडवी सुमारे २४ मिलिमीटर जागा उरते आणि चार भोकांत सुमारे १८ मिलिमीटर उंची बसते. २४ बाय १८ ही मूकपटाची पूर्ण चौकट. १९०९ साली पॅरिसला फिल्म-उत्पादकांची परिषद भरली आणि ही पट्टी सर्वमान्य झाली. ३५ या आकड्यामागं दृष्टिशास्त्राचं काही गूढ नाही. ७० चे दोन भाग केले, एवढंच.

हीच पट्टी १९१२ साली दादरला आली. फाळके त्याआधी गोध्र्याला फोटोग्राफीचा व्यवसाय करत होते. पुढं ते ब्लॉक करण्याच्या छापखान्यात होते. म्हणजे प्लेटच्या जगात ते मुरलेले होते. लंडनहून त्यांनी विल्यमसन कॅमेरा आणला आणि त्याबरोबर फिल्मला भोकं पाडायचं यंत्रही, कारण कच्ची फिल्म तेव्हा बिनभोकांची मिळे. घरात अंधार करून सरस्वतीबाई ती भोकं पाडत. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी सुमारे ३,७०० फूट सांगितली जाते. फुटाला सोळा चौकटी आणि चौकटीला एका कडेला चार भोकं, हा गुणाकार करून पाहावा. पडद्यावर गेलेल्या फिल्मपुरतंच बोलायचं तरी एकोणसाठ हजारांवर चौकटी होतात आणि एका कडेची भोकं दोन लाखांच्या वर जातात. ३ मे १९१३ रोजी गिरगावात कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये चित्रपट लागला.

त्याच सुमाराला जर्मनीत वेट्झ्लार गावी ऑस्कर बार्नाक नावाचा कारागीर याच पट्टीकडे वेगळ्या नजरेनं पाहत होता. त्याचा जन्म १८७९ चा. येनाच्या झाइसमधून तो १९११ साली लाइट्झच्या सूक्ष्मदर्शकाच्या कारखान्यात आला. त्याला दम्याचा त्रास होता आणि हिंडण्याची हौस होती. १३ बाय १८ सेंटिमीटरच्या प्लेटचा कॅमेरा, लाकडी तिकाटणं आणि काचांचं ओझं घेऊन डोंगर चढणं त्याला जड जात असे. लहान निगेटिव्ह काढावी आणि मग ती मोठी करून छापावी, हा विचार त्यातून आला. सिनेमाची फिल्म स्वस्त होती, लवचीक होती, बाजारात मिळत होती. फक्त २४ बाय १८ ची चौकट मोठ्या छपाईला फारच अपुरी पडे. बार्नाकनं फिल्म उभीऐवजी आडवी सरकवली आणि चाराऐवजी आठ भोकं घेतली. १८ चे ३६ झाले. २४ बाय ३६ या पवित्र आकड्यांची जन्मकथा एवढीच आहे : सिनेमाच्या दोन चौकटी शेजारी शेजारी. रोलवर छत्तीस फोटो का, याबद्दल बार्नाकच्या दोन पसरलेल्या हातांत मावेल एवढी फिल्म तो घेई अशी एक कथा सांगतात. ती कथा म्हणूनच घ्यावी.

सिनेमाची फिल्म साध्या कॅमेऱ्यात घालणारा बार्नाक पहिला नव्हे, हेही सांगायला हवं. न्यूयॉर्कमध्ये 'टूरिस्ट मल्टिपल' नावाचा कॅमेरा १९१३-१४ च्या सुमारासच विक्रीला होता आणि एका भरणीत साडेसातशे फोटो काढत होता. पण तो सिनेमाचीच लहान चौकट वापरी. शिवाय युरोपात युद्ध पेटलं आणि पर्यटक घरी बसले. बार्नाकचा नमुना १९१३-१४ मध्ये तयार झाला, तोही युद्धामुळं कपाटात राहिला. १९२४ साली दुसऱ्या एर्न्स्ट लाइट्झनं धोका पत्करून उत्पादनाचा निर्णय घेतला. १९२५ च्या वसंतात लाइपझिगच्या जत्रेत 'लायका' लोकांपुढं आला. मॅक्स बेरेकनं रेखलेलं ५० मिलिमीटरचं भिंग त्याला कायमचं जोडलेलं होतं.

त्या काळच्या इंग्रजी फोटो-मासिकांत या कॅमेऱ्यांना काय म्हणत? 'मिनिएचर'. लघुचित्र. काहींनी कौतुकानं म्हटलं, बऱ्याच जणांनी नाक मुरडून. इतक्या चिमुकल्या निगेटिव्हवर धुळीचा एक कण म्हणजे छापील चेहऱ्यावर तीळ. दाणे दिसतात, कडा मऊ येतात, हौसेला ठीक, धंद्याला नाही. आज लहान सेन्सरबद्दल जे जे बोललं जातं ते सगळं त्या वेळी २४ बाय ३६ बद्दल बोललं गेलं आहे.

आता थोडं गणित, कारण माझ्या मते सगळी गंमत त्यात आहे. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर. मायक्रो फोर थर्ड्‌सचा सेन्सर १७.३ बाय १३, म्हणजे जेमतेम २२५. भागाकार ३.८४ येतो. दुसरीकडं रोलायफ्लेक्सची किंवा आपल्याकडं घरोघरी असलेल्या ॲग्फा क्लिक थ्रीची १२० नंबरच्या रोलवरची चौकट. बोलायला ती 'सहा बाय सहा', प्रत्यक्षात ५६ मिलिमीटर चौरस, म्हणजे ३,१३६. तिला ८६४ नं भागलं की ३.६३. दोन्ही उड्या जवळपास सारख्याच. छोट्या पद्धतीतून फुल फ्रेमवर जाणारा आजचा हौशी माणूस जेवढी पायरी चढतो, जवळपास तेवढीच पायरी रोलायफ्लेक्स सोडून लायका घेणारा माणूस उतरला होता. आणि तो खुशीनं उतरला होता. साठ-सत्तर सालांनंतर सगळं जग उतरलं. बारा फोटोंचा रोल जाऊन छत्तीसचा आला, आणि लग्नाच्या अल्बमातल्या कुणा आत्याबाईंनी निगेटिव्ह लहान झाल्याची तक्रार केल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

हे दोन आकार एकाच शहरात, एकाच घटनेभोवती वावरल्याचं एक उदाहरण आपल्या जवळचं आहे. १९४८ चा जानेवारी, दिल्ली. ऑंरी कार्तिए-ब्रेसाँ १९३२ पासून लायका वापरत होता. ३० जानेवारीला तो बिर्ला हाउसमध्ये गांधीजींना भेटला आणि त्यानंतर थोड्याच वेळात गांधीजींची हत्या झाली. पुढच्या अंत्ययात्रेची त्यानं घेतलेली छायाचित्रं जगभर गेली. त्याच दिल्लीत होमाई व्यारावाला काम करत होत्या. जन्म नवसारीचा, १९१३ चा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. अंत्यसंस्कार त्यांनीही टिपले. त्यांची नेहमीची हत्यारं म्हणजे स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्स. स्पीड ग्राफिकची चार बाय पाच इंचांची फिल्म लायकाच्या चौकटीच्या साधारण पंधरा पट. साडी नेसून, ते धूड हातात धरून, गर्दीत एकेक फिल्म बदलत त्या काम करत. आज ती छायाचित्रं शेजारी शेजारी पाहिली तर फरक दिसतो तो दोन माणसांच्या उभं राहण्याच्या जागेतला. एकजण गर्दीत शिरलेला आहे. दुसरी, रोज याच मंडळींचे फोटो काढणारी असल्यामुळं, कोण कुठून येणार हे आधी ओळखून उभी आहे. निगेटिव्हच्या आकारानं या जागा काही प्रमाणात ठरवल्या, हे मी नाकारत नाही. पण एक पूर्ण आणि एक अपूर्ण असं म्हणायला जीभ धजणार नाही.

२४ बाय ३६ सुद्धा वाद न होता स्थिरावलं असं नाही. १९४८ साली निकॉननं पहिला कॅमेरा काढला तो २४ बाय ३२ चा. एका रोलवर चाळीस फोटो निघत आणि युद्धानंतरच्या जपानात फिल्मची बचत ही लहान गोष्ट नव्हती. पण त्या चौकटी अमेरिकेतल्या स्लाइडच्या पुठ्ठ्यांत बसेनात, म्हणून ताबेदार अमेरिकी प्रशासनानं निर्यातीला अडकाठी केली. निकॉन आधी २४ बाय ३४ वर आणि १९५४ मध्ये मुकाट २४ बाय ३६ वर आला. जर्मनीत 'रोबोट' नावाचा कॅमेरा २४ चौरसात काम करत होता. १९५९ साली ऑलिंपसच्या योशिहिसा माइतानीनं 'पेन' आणला. स्वस्त, खिशात मावणारा, छत्तीसच्या रोलवर बहात्तर फोटो काढणारा. त्याची चौकट १८ बाय २४. याला जगानं 'हाफ फ्रेम' म्हटलं. वाचकांच्या लक्षात आलं असेल की ही तीच चौकट, जिला फाळके पूर्ण चौकट म्हणून वापरत होते. सिनेमात पूर्ण, साध्या कॅमेऱ्यात अर्धी.

मग 'फुल फ्रेम'मधला आजचा 'फुल' कधी आला? फिल्मच्या काळात रोजच्या बोलण्यात ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याला कोणी पूर्ण म्हणत नसे. हाफ फ्रेमशी तुलना करायची असेल तेव्हाच तो शब्द निघे. त्याला खरी गरज निर्माण केली डिजिटलनं, आणि त्या गरजेचं मूळ लोकांच्या कपाटात आहे.

निकॉनची भिंगं बसवायची कडी १९५९ ची, कॅननची ईएफ कडी १९८७ ची. चाळीस वर्षं लोकांनी त्या कड्यांना बसणारी भिंगं जमवली. प्रत्येक भिंग ४३ मिलिमीटरचा कर्ण झाकेल असं वर्तुळ पाडी. डिजिटल सेन्सर मात्र त्या आकाराचा करणं महामुश्किल होतं. सेन्सर सिलिकॉनच्या गोल चकतीवर घडवतात. आठ इंची चकतीचं क्षेत्रफळ ३६ बाय २४ नं भागलं तर उत्तर छत्तीसच्या आसपास येतं. पण गोलातून आयत कापायचे म्हणजे कडेचा भाग वाया. त्यात चकतीवर कुठंतरी चार-दोन दोष असतातच. लहान तुकडे कापले तर चार-दोन तुकडे फुकट जातात, मोठे कापले तर चकतीचा मोठा हिस्सा जातो. शिवाय नकाशा उमटवणाऱ्या यंत्राची चौकट एवढी मोठी नसे, म्हणून एकच सेन्सर दोन-तीन तुकड्यांत जुळवून छापावा लागे. शिंप्याला पन्ह्याबाहेरचं कापड जोडून द्यावं लागतं तसं.

त्यामुळं १९९९ चा निकॉन डी-१ आला तो लहान सेन्सर घेऊन. कपाटातलं २८ चं रुंद भिंग त्यावर ४२ सारखं वागू लागलं. दिवाणखान्यात सगळं कुटुंब मावेना. १९९५ साली निकॉन आणि फुजीनं यावर एक जुगाड केला होता : आत आणखी भिंगं बसवून मोठं चित्र चिमुकल्या सेन्सरवर आटवायचं. कॅमेरा बोजड झाला आणि तो मार्ग खुंटला. २००२ मध्ये काँटॅक्सचा एन डिजिटल आणि कॅननचा वन-डीएस या दोघांनी ३६ बाय २४ चा सेन्सर आणला. वन-डीएसची किंमत आठ हजार डॉलरच्या घरात. २००५ चा कॅनन ५डी ३,२९९ डॉलरचा, म्हणजे हौशी माणसाला निदान स्वप्न पडावं इतपत. निकॉननं २००७ पर्यंत स्वतःचा असा कॅमेरा काढला नाही. डी-३ आल्यावर मात्र त्यानं मोठ्या सेन्सरला 'एफएक्स' अशी पाटी लावली.

'फुल' चा अर्थ इथं उलगडतो. भिंगाचं वर्तुळ पूर्ण वापरलं जातं म्हणून फुल. जुन्या गुंतवणुकीची पूर्ण परतफेड. फोटोच्या पूर्णत्वाशी या शब्दाचा संबंध नाही. दागेरची होल प्लेट जशी त्याच्या यंत्रापुरती पूर्ण होती, तशीच ही त्या कपाटातल्या भिंगांपुरती.

ज्यांचं कपाट फारसं भरलेलं नव्हतं त्या ऑलिंपसनं २००३ साली वेगळा डाव टाकला. फिल्मचा वारसा सोडा, सेन्सरला साजेशी नवी भिंगं घडवा. कोडॅकनं सेन्सर दिला, ई-१ नावाचा कॅमेरा आला आणि पद्धतीला नाव दिलं 'फोर थर्ड्‌स'. हे नाव 'फुल फ्रेम'इतकंच फसवं आहे. चार तृतीयांश इंच हे माप सेन्सरचं नव्हेच. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यातल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून आकार सांगायची पद्धत होती, तिचं हे भूत. सेन्सरचा खरा कर्ण २१.६ मिलिमीटर, इंचापेक्षाही कमी. २००८ मध्ये ऑलिंपस आणि पॅनासॉनिकनं मिळून आतला आरसा काढून टाकला आणि 'मायक्रो फोर थर्ड्‌स' झालं. २००९ चा ऑलिंपसचा पहिला तसा कॅमेरा 'पेन' याच नावानं आला. माइतानीच्या पेनला तेव्हा पन्नास वर्षं झाली होती.

या पद्धतीनं हौशी माणसाची पाठ वाचवली, हे मी अनुभवानं सांगतो. पण २०१३ साली एक चमत्कारिक गोष्ट झाली. त्या वर्षी ऑलिंपसचा ई-एम-१ आला, बॅटरीसकट ४९७ ग्रॅमचा. त्याच वर्षी सोनीचा ए-७ आला, फुल फ्रेम, बॅटरीसकट ४७४ ग्रॅमचा. 'छोट्या' पद्धतीचा कॅमेरा 'पूर्ण' कॅमेऱ्याहून जड. आरसा गेल्यावर खोक्याचा आकार सेन्सरवर अवलंबून राहिला नाही. फरक उरला तो भिंगात. ऑलिंपसचं १२-४० एफ २.८ हे ३८२ ग्रॅमचं आहे. निकॉन झेडचं त्याच दृश्यकोनाच्या आसपासचं २४-७० एफ २.८ हे ८०५ ग्रॅमचं. दुकानात कॅमेरा हातात देतात. भिंगांची पिशवी आपण घरी आल्यावर उचलतो.

त्याच काळात मोबाइलनं खालचा सगळा बाजार खाल्ला. जपानी कंपन्यांच्या संघटनेचे आकडे पाहिले तर २०१० मध्ये १२ कोटींवर डिजिटल कॅमेरे बाजारात गेले, २०२० मध्ये ९० लाखांच्या आत. थोडे विकायचे तर महाग विकले पाहिजेत. 'फुल'चं आकर्षण गेल्या दहा वर्षांत इतकं का वाढलं, याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे. पॅनासॉनिकनं २०१९ मध्ये स्वतःच फुल फ्रेम काढला. ऑलिंपसनं २०२१ च्या आरंभी कॅमेऱ्याचा धंदा सोडून दिला आणि तो दुसऱ्या नावानं सुरू राहिला. माझ्यासारख्यांच्या मनात, आपली भिंगं उद्या कोण दुरुस्त करणार, ही भीती तेव्हा शिरली.

आता माझा हिशेब. क्षेत्रफळ ३.८४ पट म्हणजे प्रकाशाच्या भाषेत जवळपास दोन स्टॉप. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर धेनुकाकटच्या दात्यांचे ब्राह्मी लेख आहेत. आत उजेड बेताचा, तिकाटणं लावायचं तर पुरातत्त्व खात्याची परवानगी हवी. हातात धरून काढायचं. तिथं नव्या कॅमेऱ्यानं जे दिलं ते जुन्यानं कधी दिलं नव्हतं. जिथं अक्षराची खाच आणि दगडाचा खवला एकमेकांत मिसळून रवाळ चिखल व्हायचा तिथं आता खाच वेगळी दिसते. खांबाचा पैलू सपाट असल्यानं भिंग उघडं ठेवून चालतं.

वीरगळाचं तसं नाही. खालच्या चौकटीत लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजा. आकृत्या चांगल्या चार-पाच बोटं उठावाच्या. कॅमेरा तिरपा धरावा लागतो आणि पुढच्या घोड्याच्या नाकापासून मागच्या कलशापर्यंत सगळं स्पष्ट हवं. छोट्या सेन्सरवर हे एफ ४ मध्ये साधायचं. तेवढीच खोली मोठ्या सेन्सरवर हवी तर एफ ८ पर्यंत मिटावं लागतं. म्हणजे दोन स्टॉप प्रकाश गेला. आयएसओ १,६०० चं ६,४०० करावं लागतं, आणि मोठ्या सेन्सरनं डाव्या हातानं दिलेलं उजव्या हातानं परत घेतलं जातं. हा यंत्राचा दोष नाही, भूमितीच तशी आहे. पण 'फुल फ्रेम म्हणजे दोन स्टॉपचा फायदा' असं सरसकट सांगणारे हे सांगत नाहीत. झिजलेल्या वीरगळाला सेन्सरपेक्षा तिरका उजेड जास्त उपयोगी पडतो. सकाळी नऊचं ऊन, नाहीतर गावातल्या एखाद्या पोरानं बाजूनं जमिनीलगत धरलेली बॅटरी. दुपारी बाराला जगातला कुठलाही कॅमेरा त्या दगडावर काही वाचू शकत नाही.

म्हणून मी दोन्ही ठेवले आहेत. लेणी आणि देवळांचे गाभारे मोठ्याकडं, पायी फिरायचे दिवस छोट्याकडं. विक्रेत्यानं जुना कॅमेरा बदलून घ्यायची तयारी दाखवली होती, तिला नाही म्हटलं.

एक प्रश्न मात्र अनेकांनी विचारला : अकरा वर्षांचं काम आता पुन्हा नव्या कॅमेऱ्यानं काढणार का? जुन्या फाइली १६ मेगापिक्सेलच्या आहेत, ४,६०८ बाय ३,४५६ ठिपक्यांच्या. छपाईला इंचाला ३०० ठिपके धरले तर पंधरा इंच बाय साडेअकरा इंच, म्हणजे या दिवाळी अंकाच्या पानाहून मोठं चित्र होतं. आणि दुसरं असं की सगळे दगड आता जागेवर नाहीत. माझ्या यादीतले काही वीरगळ ऑइल पेंटखाली गेले. एका गावात ओढ्याकाठच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला. तिथं तीन चौकटींचा एक वीरगळ होता. खालच्या चौकटीत गुरं पळवणाऱ्यांशी लढणारा वीर, पाठीमागं पाच गायी. तो दगड नव्या ओट्याच्या पायरीत घातला आहे, कोरीव बाजू आत करून, वर सिमेंट आणि त्यावर ग्रॅनाइटची फरशी. बांधणाऱ्या गवंड्याला मी जाऊन विचारलं. तो म्हणाला, "चांगला सपाट दगड होता, काका, पाठीमागून." त्याचे माझ्याकडे चौदा फोटो आहेत, २०१६ च्या फेब्रुवारीतले, सकाळचे, सगळे छोट्या कॅमेऱ्याचे. पाचव्या गायीचं शिंग त्यातल्या एकात स्पष्ट आलं आहे.